मेलेले जनावर काय सांगते?



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची राखण याविषयी लिहितो. आमचे काम उसाचे. गुराढोरांच्या दवाखान्याशी आमचा तसा संबंध नाही. तरीही या अंकात एका पशुवैद्याची गोष्ट सांगायला बसलो आहोत, त्याला कारण घडले आहे. ते कारण आधी सांगतो.

एका गळीत हंगामातली गोष्ट. आपल्याच एका सभासदाची बैलजोडी ऊस वाहतुकीला होती. जोडी देखणी, दोन्ही बैल एका उंचीचे, सोसायटीच्या कर्जावर घेतलेले. पहाटे गाडीतळावर रांगेत उभा असतानाच त्यातला डावा बैल बसला, आणि दिवस उगवायच्या आत संपला. मागे गाड्यांची रांग खोळंबलेली, गाडीवान ओरडत होते, गव्हाण रिकामी पडायची वेळ आलेली. आम्ही तिथे हजर होतो. कुणीतरी म्हणाले, "डॉक्टरला बोलवा, तपासून घ्या." त्यावर मालकच हताशपणे म्हणाला, "मेलं ते मेलं साहेब. आता कापून काय त्यातनं बैल उठणार हाय?" आम्हालाही ते पटले. आम्हीच म्हणालो, "उचला लवकर, रांग पुढे सरकू द्या." दुपारपर्यंत बैल पुरला गेला.

आठव्या दिवशी त्याच गोठ्यात जोडीचा उजवा बैल गेला.

दोन्ही बैल एकाच गव्हाणीत खात होते, एकाच हौदावर पाणी पीत होते. पहिला कशाने गेला ते कळले असते तर दुसरा वाचला असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण कळण्याचा जो एकच मार्ग होता तो आम्ही आमच्या हाताने खड्ड्यात पुरला, एवढे मात्र खरे. ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणून मेलेल्या जनावराकडून माहिती काढून घेणाऱ्या माणसांविषयी आम्ही जमेल तेवढे वाचले, जाणकारांना विचारले, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

मेलेल्याचा डॉक्टर

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर आपणा सर्वांच्या ओळखीचे असतात. ते जिवंत जनावराला औषध देतात, इंजेक्शन टोचतात, अडलेली गाय सोडवतात. पण पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणखी एक डॉक्टर असतो, त्याची गाठ आपल्याला सहसा पडत नाही. त्याला पशुविकृतीशास्त्रज्ञ म्हणतात. विकृती म्हणजे बिघाड. शरीरात कुठे, कसा आणि कशामुळे बिघाड झाला हे शोधणे हा त्याचा विषय. साध्या बोलीत, तो मेलेल्याचा डॉक्टर. पण त्याच्या कामाचा फायदा मात्र जिवंत असलेल्यांना.

याचे काम कसे चालते? मेलेले जनावर आले की तो आधी बाहेरून पाहतो. नाक, तोंड, गुदद्वार येथून रक्त आले आहे काय, पोट फुगले आहे काय, डोळ्याच्या आतली त्वचा पांढरी पडली आहे की पिवळी. मग उघडून काळीज, फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे, आतडी एकेक करून तपासतो. रंग पाहतो, वजन करतो, बोटाने दाबून पाहतो, कापून आतला भाग पाहतो. संशयित अवयवाचे लहान तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकतो. पुढे ते मेणात बसवून त्यांचे इतके पातळ काप काढतात की त्यातून उजेड आरपार जावा. मिलिमीटरचे हजार भाग करावेत आणि त्यातले चार-पाच घ्यावेत, एवढीच त्या कापाची जाडी. त्याला जांभळा आणि गुलाबी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पेशीन् पेशी दिसते. निरोगी यकृत कसे दिसते हे ज्याने हजार वेळा पाहिले आहे, त्याला बिघडलेले यकृत चटकन ओळखू येते. आपण नाही का, रस्त्यावरून जाताना नुसत्या पानावरून सांगतो की या उसाला लोह कमी पडले आहे किंवा गवताळ वाढ लागली आहे? तसेच ते.

महाविद्यालयातल्या या माणसाचे दुसरे काम शिकवण्याचे. विद्यार्थ्यांना भोवती उभे करून तो शवविच्छेदन करतो आणि विचारतो, "काय दिसते?" कोणता रोग आहे हे पुढे, आधी दिसते काय ते सांगा. आणि तिसरे काम संशोधनाचे, म्हणजे जे पुस्तकात नाही ते शोधण्याचे. ही तिन्ही कामे एका माणसाने कशी केली, आणि त्यातून जगाला काय मिळाले, हे सांगण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे आणि पार कॅनडा देशात जावे लागेल.

घटसर्प नव्हे, फऱ्याही नव्हे

कॅनडाचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला अमेरिकेचा नॉर्थ डाकोटा प्रांत म्हणजे सपाट माळरान. हिवाळ्यात सारे बर्फाखाली जाते, म्हणून उन्हाळ्यातच गवत कापून, वाळवून गंजी लावून ठेवायची आणि त्यावर जनावरे जगवायची, अशी तिथली रीत. त्या काळी तिकडच्या शेतकऱ्यांनी स्वीट क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक मोठ्या प्रमाणावर धरले होते. हे आपल्या लसूणघासाच्या कुळातले. हलक्या जमिनीतही येते, जमिनीचा कस वाढवते, वाळले की त्याला गोडसर वास सुटतो. गरीब शेतकऱ्याला देवानेच दिलेला चारा म्हणा ना!

पण १९२१ सालाच्या सुमारास या भागातील जनावरे विचित्र तऱ्हेने मरू लागली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या अंगावर गाठीसारखी सूज येई. जनावर आखडून चाले, हिरड्या आणि डोळे पांढरेफटक पडत, आणि एक दिवस ते आडवे होई. शिंगे कापावीत तर रक्त थांबत नसे. गोऱ्हे खच्ची करावेत तर जखमेतून रक्त वाहून वाहून मरत. एका ठिकाणी शिंगे कापलेल्या २२ गाईंपैकी २१ आणि खच्ची केलेल्या २५ गोऱ्ह्यांपैकी १२ दगावल्याचे नोंदलेले आहे.

लोकांना पहिला संशय आला तो साथीच्या रोगांचा. कुणी म्हणे हा घटसर्प, कुणी म्हणे फऱ्या. सूज आहे, अचानक मरण आहे, एकाच गोठ्यातली तीन-चार जनावरे पाठोपाठ जातात, मग दुसरे काय असणार? आपणही हेच म्हटले असते.

ऑन्टॅरिओ पशुवैद्यकीय महाविद्यालय हे कॅनडातले जुने आणि नावाजलेले महाविद्यालय. आधी ते टोरांटो शहरात होते, १९२२ साली ग्वेल्फ या गावी गेले. तिथे फ्रँक स्कोफिल्ड नावाचे विकृतीशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म इंग्लंडमधील रग्बी गावचा, १८८९ सालचा. तरुणपणी कॅनडात येऊन शेतावर मजुरी केली, मग याच महाविद्यालयात शिकून १९१० साली पदवी घेतली. शिकत असतानाच पोलिओने गाठले आणि एक हात व एक पाय कायमचा अधू झाला. काठी टेकत चालणारा हा माणूस शवविच्छेदनाच्या टेबलाशी मात्र तासन् तास उभा राही.

स्कोफिल्डांनी मेलेली जनावरे उघडून पाहिली. फऱ्याच्या सुजेत वायू असतो, दाबले तर करकर वाजते. इथे सुजेत वायू नव्हता, नुसते रक्त साठलेले होते. घटसर्पात जनावर तापाने फणफणते. इथे ताप नव्हता. कातडीखाली, स्नायूंत, पोटाच्या पोकळीत, जिथे पाहावे तिथे रक्त. आणि ते गोठलेले नाही. म्हणजे जनावर रोगजंतूंनी मेले नव्हते. त्याचे रक्त गोठण्याची शक्तीच नाहीशी झाली होती आणि ते आतल्या आत रक्तस्राव होऊन मेले होते.

आता प्रश्न आला की हे होते कशाने? स्कोफिल्डांनी चौकशी केली तेव्हा ज्या ज्या गोठ्यात मरतूक झाली होती तिथे तिथे स्वीट क्लोव्हरचा वाळला चारा चालू असल्याचे आढळले. पण हाच चारा खाऊन इतर हजारो जनावरे खुशाल होती! मग दोष चाऱ्यात कसा म्हणायचा?

इथे या माणसाची खरी हुशारी दिसते. त्यांनी एकाच गंजीतला चारा घेतला आणि हाताने एकेक काडी निवडून त्याचे दोन वाटे केले. एका वाट्यात चांगल्या, कोरड्या, स्वच्छ काड्या. दुसऱ्यात बुरसलेल्या, सडक्या काड्या. चांगल्या काड्या एका सशाला खाऊ घातल्या, सडक्या दुसऱ्या सशाला. चांगला चारा खाणारा ससा खडखडीत राहिला. सडका चारा खाणारा अंतर्गत रक्तस्रावाने मेला. एकदाच झाले तर योगायोग म्हणता येईल, म्हणून दुसऱ्या ठिकाणचा चारा आणून पुन्हा तेच केले. पुन्हा तेच घडले.

बंधूंनो, यात कोणते मोठे यंत्र होते? आपल्या ऊस विकास योजनेत आम्ही दोन सऱ्यांत दोन खते टाकून तुलनेचा प्लॉट घेतो, तसाच हा प्रयोग. गंज एक, शेत एक, चारा एक. फरक फक्त बुरशीचा. त्यामुळे उत्तरात शंकेला जागाच उरली नाही. स्वीट क्लोव्हर विषारी नाही, बुरसलेले स्वीट क्लोव्हर विषारी आहे. १९२२ साली त्यांनी हे छापून जाहीर केले आणि १९२४ साली अधिक विस्ताराने पुन्हा लिहिले. चारा बदलला तर लवकर लक्षात आलेली जनावरे वाचू शकतात, आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त भरले तर रक्तस्राव थांबतो, हेही पुढे स्पष्ट झाले. नॉर्थ डाकोटातील ली रॉडरिक या पशुविकृतीशास्त्रज्ञाने रक्त गोठवणारा प्रोथ्रोम्बिन नावाचा घटक अशा जनावरात काम करीत नाही, हे दाखवून दिले.

बर्फाच्या वादळातला शेतकरी

आता या गोष्टीतला आम्हाला सर्वांत बोचलेला भाग सांगतो. स्कोफिल्डांचे म्हणणे छापून येऊन दहा वर्षे उलटली होती. १९३३ सालचा फेब्रुवारी महिना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील डीअर पार्क गावचा एक शेतकरी आपल्या ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त आणि सुमारे ४५ किलो सडका चारा घालून निघाला. बाहेर बर्फाचे वादळ. राजधानी मॅडिसन सुमारे ३०० किलोमीटर लांब. तिथे पोहोचला तर शनिवार असल्याने सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद. विद्यापीठात फिरता फिरता एक दार उघडे दिसले आणि तो आत शिरला. ती प्रयोगशाळा होती कार्ल लिंक या जीवरसायन शास्त्रज्ञाची.

लिंक यांनी ऐकून घेतले, पण त्यांच्यापाशी तरी काय होते? जे स्कोफिल्ड आणि रॉडरिक यांनी आधीच सांगितले होते तेच त्यांनी सांगितले. सडका चारा बंद करा, शक्य असेल तर रक्त भरा. तो गडी तसाच मोकळ्या हाताने परत गेला. तो काळ महामंदीचा. शेतमालाला भाव नाही, दुसरा चारा विकत घ्यायला खिशात पैसा नाही. सडका चारा घालू नका म्हणणे सोपे. पण घालायचे काय? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला, आणि गेल्या काही वर्षांत चारा छावणीत ज्यांनी दावणीला जनावरे नेऊन बांधली, त्यांना त्या शेतकऱ्याचे दुःख समजावून सांगायला नको. गंजीतल्या मधल्या पेंढ्या काळ्या पडल्या आहेत हे दिसत असते, तरी हात थांबत नाही.

त्या शेतकऱ्याने आणलेले रक्त मात्र लिंक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना स्वस्थ बसू देईना. सहा वर्षे खपून १९३९ साली त्यांनी सडक्या चाऱ्यातले विष स्फटिकरूपात वेगळे काढले. स्वीट क्लोव्हरला जो गोड वास येतो तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा. ते द्रव्य स्वतः हे काम करीत नाही, पण बुरशी आली की तिच्या क्रियेने त्यातून डायकुमारॉल तयार होते, आणि ते रक्त गोठू देत नाही. साधारण १५ दिवसांत जनावराच्या रक्ताची गोठण्याची शक्ती घटते आणि ३० ते ५० दिवसांत ते दगावते. म्हणून तर कुणाला चाऱ्याचा संशय येत नसे. आज खाल्ले आणि महिन्याने मेले, तर दोष चाऱ्याला कोण देईल?

विषाचे औषध झाले

पुढची हकीकत आपल्या घराशी येऊन भिडते. याच संशोधनातून वॉरफरिन नावाचे द्रव्य तयार झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी पुढे आले. झिंक फॉस्फाईडचे आमिष खाऊन एखादा उंदीर तडकाफडकी मेला किंवा आजारी पडला की बाकीचे शहाणे होतात आणि पुन्हा आमिषाला तोंड लावीत नाहीत, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. वॉरफरिनने उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे इतरांना संशयच येत नाही. आज पडलेल्या उसात आणि बांधावरच्या बिळांत आपण ब्रोमाडिओलोनच्या ज्या वड्या ठेवतो, त्या याच घराण्यातल्या. त्या वड्या कुत्र्याने खाल्ल्या तर त्यालाही हाच रक्तस्राव होतो आणि त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा चालतो, हे या निमित्ताने ध्यानात ठेवावे. वड्या उघड्यावर टाकू नयेत.

आणि तेच विष पुढे माणसाचे औषध झाले! १९५४ साली अमेरिकेत त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर हे औषध देण्यात आले. हृदयाची झडप बदललेले रोगी आपल्या गावांतही आहेत. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांना कायम एक गोळी घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. ती गोळी वॉरफरिनची किंवा तिच्या भावंडाची, असिनोकुमारॉलची असते. गोठ्यातल्या मरतुकीचा शोध कुठून कुठे गेला पाहा. सुरुवात कुठे होती? एका लंगड्या प्राध्यापकाने निवडलेल्या दोन वाटे काड्यांत.

पीक पैदासकारांनीही आपले काम केले. पुढे कमी कुमारिन असलेले स्वीट क्लोव्हरचे वाण निघाले. आमच्यासारख्या वाणांच्या मागे असणाऱ्या माणसाला यात विशेष आनंद वाटतो.

पाहिले ते सांगितले

स्कोफिल्डांच्या आयुष्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळत नाही. हा चाऱ्याचा शोध लावण्यापूर्वी, १९१६ साली, ते कोरियात सेऊल येथील वैद्यकीय महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवायला गेले होते. कोरियावर तेव्हा जपानचे राज्य होते. १ मार्च १९१९ रोजी कोरियन लोकांनी स्वातंत्र्यासाठी मोठे आंदोलन केले. आपल्याकडे जालियनवाला बाग झाली तेच हे वर्ष. स्कोफिल्डांनी त्या दिवसाची छायाचित्रे काढली. एप्रिलमध्ये जेआम-री या खेड्यात लोकांना प्रार्थनामंदिरात कोंडून मारल्याचे कळताच अधू पायाने ते तिथे गेले, जळलेले अवशेष पाहिले, फोटो घेतले आणि जगाला सांगितले. १९२० साली त्यांना कोरिया सोडावे लागले.

निवृत्तीनंतर ते पुन्हा कोरियात गेले, सेऊलच्या राष्ट्रीय विद्यापीठात पशुविकृतीशास्त्र शिकवले आणि १९७० साली तिथेच वारले. त्यांना सेऊलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत देशभक्तांच्या शेजारी जागा मिळाली. आम्हाला वाटते, ही दोन कामे वेगळी नाहीत. पुरले जाण्याआधी जाऊन पाहायचे, दिसले तसे नोंदवायचे, आणि लोकांना सांगायचे. गोठ्यात तेच केले आणि खेड्यातही तेच केले.

आपल्या दारचा प्रश्न

आपल्याकडे स्वीट क्लोव्हरचा चारा कुणी घालीत नाही. तेव्हा तोच रोग आपल्या गोठ्यात येईल असे आमचे म्हणणे नाही. पण बुरशीचा चारा आपल्याकडे नाही काय? अवकाळी पावसात भिजलेला कडबा, गच्च दाबून ठेवलेले ओले वाढे, कोपऱ्यात पोत्यात महिनोन् महिने पडून राहिलेली शेंगदाणा पेंड. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता दोष शेंगदाण्याच्या बुरसलेल्या पेंडीत सापडला, आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष जगाला प्रथम कळले. हे विष यकृत खराब करते. गाईच्या पोटात गेले तर त्याचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच पोरे पितात.

आपल्या वाढ्यांचीही एक गोष्ट आहे. हंगामात तीन-चार महिने नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर त्यातील ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून टाकते. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, बरोबर कडबा किंवा दुसरी वैरण द्या, असे आम्ही सभेत सांगतो. "साहेब, आमच्या बापजाद्यांनी वाढंच घातलं की!" असे उत्तर येते. खरे आहे. डीअर पार्कच्या त्या शेतकऱ्याचे बापजादेही गंजीतलाच चारा घालीत होते.

आपल्या राज्यात या कामाची सोय नाही असे नाही. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ येथेही महाविद्यालये आहेत आणि त्यात विकृतीशास्त्राचा विभाग असतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तिथली माणसे सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेली आहेत. पण आपण नमुनाच पाठवला नाही तर ती पाहणार काय?

तेव्हा सभासद बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. जनावर अचानक दगावले तर पुरण्याआधी किंवा हलवण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे. उन्हाळ्यात शव काही तासांतच कुजते आणि मग त्यातून काही कळत नाही.

२. स्वतः किंवा इतर कुणाकडून शव मुळीच फाडू नये. नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले असेल तर तो फाशी रोग असू शकतो. अशा शवाला उघडण्याची सक्त मनाई आहे, कारण त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही बाधतात. डॉक्टर आधी कानाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासतील. फाडायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे.

३. जनावर शेवटच्या महिन्याभरात काय खात होते ते आठवून सांगावे. चारा, पेंड, फवारणीचे औषध, पाण्याची जागा, काहीही लपवू नये. उरलेल्या चाऱ्यातील दोन मुठी कागदी पिशवीत बाजूला काढून ठेवाव्यात.

४. विम्याचे जनावर असेल तर कानातला बिल्ला जपावा. शवविच्छेदनाच्या दाखल्याशिवाय दावा सहसा मंजूर होत नाही.

५. गोठ्यातील बाकीच्या जनावरांचा संशयित चारा त्याच दिवशी बंद करावा. निकालाची वाट पाहू नये.

६. बुरसलेला भाग चांगल्या चाऱ्यात मिसळून खपवू नये. फेकायला जिवावर येते हे आम्ही जाणतो. पण दहा पेंढ्या वाचवताना दावण रिकामी होते.

आणखी एक. गाडीतळावर जनावर दगावले तर रांग बाजूने वळवावी, पण डॉक्टर येईपर्यंत ते हलवू नये, असे आमच्या विभागापुरते आम्ही ठरवले आहे. आमच्या माणसांना तशी समजही दिली आहे. गव्हाण तासभर थांबली तर कारखाना बुडत नाही.

त्या सभासदाने पुढच्या हंगामात नवी जोडी घेतली. मध्यंतरी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. कडब्याची गंज त्यांनी आता दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून हातभर उंच रचली आहे आणि वर पाचटाचे जाड शाकारण केले आहे. आम्ही काही बोललो नाही. तेच म्हणाले, "तवा बघाय पायजे हुतं साहेब." आम्ही म्हणालो, "होय. चूक आमचीही होती."

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग